किरुनाच्या चर्चची वरात

ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या किरुनाच्या चर्चची वरात निघाली, तेव्हा तो व्हिडिओ मला निदान पंधरा जणांनी पाठवला. १९१२ सालचं लाकडी चर्च, वजन ६७२ टन, अख्खंच्या अख्खं गाड्यांवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. खाली ठरलेलं वाक्य: "याला म्हणतात शाश्वत विकास!" मी उत्तर स्वीडनमधल्याच लुलेओत राहते म्हटल्यावर माझं मत विचारलं जाणारच. तर घ्या.

किरुना वसलं १९०० साली, लोखंडाच्या खाणीसाठी. पण खनिजाचा पट्टा तिरका उतरत नेमका गावाखाली गेलाय. जितकं खोल खणावं, तितकी वरची जमीन चिरत जाते. म्हणून २००४ मध्ये सरकारी मालकीच्या खाण कंपनीने सांगितलं, गाव हलवा. खाणीतले स्फोट रात्री होतात. मी तिथे पहिल्यांदा मुक्कामाला होते तेव्हा दीडच्या सुमारास बेसिनवरचा ग्लास किणकिणला आणि मी उठून बसले. सकाळी घरमालकीणबाई हसल्या. नकाशा काढून, कुठवरचं गाव हलवायचं ते दाखवणाऱ्या रेषेवर बोट ठेवलं, म्हणाल्या, "आमचं घर रेषेच्या बाहेर आहे."

माझं आजोळ धरणात गेलेलं. आजीने पुढची वीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. त्यामुळे किरुनात घरमालकांना बाजारभाव आणि वर २५ टक्के, नाहीतर नवं घर, हे ऐकून मला हेवाच वाटला. तिथले प्रकल्पग्रस्त आपल्यासारखे वाऱ्यावर सुटले नाहीत, हे मान्य.

पण मग नगरपालिकेचा हिशेब बघा. हद्द पुणे जिल्ह्यापेक्षा मोठी, माणसं जेमतेम २२-२३ हजार. स्वीडनमध्ये कंपनीच्या नफ्यावरचा कर जातो देशाच्या तिजोरीत, आणि इथे कंपनीच सरकारची, म्हणजे लाभांशही तिकडेच. नगरपालिका जगते ती रहिवाशांच्या पगारावरच्या करावर. विमानाने येऊन, कामाची पाळी करून परत जाणारा कामगार कर भरतो त्याच्या गावात. रस्त्यावरचा बर्फ मात्र किरुनानेच उचलायचा. युरोपीय संघात निघणाऱ्या लोहखनिजाचा बहुतेक वाटा याच कंपनीचा, आणि गावाला घर बांधायला जागा हवी तरी खाणीला विचारावं लागतं! शाश्वततेच्या अहवालांत वीज कुठली, कार्बन किती, याची पानंच्या पानं असतात. पैसा कुणाच्या गल्ल्यात पडतो, हा रकाना मला तरी कुठे ठळक दिसला नाही.

आणि थंडी. जुनं गाव आखलं होतं हालमान नावाच्या नगररचनाकाराने, टेकडीच्या उतारावर. वारा अडावा म्हणून रस्ते मुद्दाम वळणावळणाचे. नवं केंद्र सखल जागी, सरळ रेघांचं, गार हवा तिथे साचून राहते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं ते आत्ता कसं सुटलं? नव्या इमारतींत भाडंही जास्त, ते वेगळंच.

सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या रेनडियरचे वाटमार्ग आधीच चिंचोळे झालेत. त्यात जानेवारी २०२३ मध्ये शेजारीच दुर्मीळ खनिजांचा मोठा साठा जाहीर झाला. विजेच्या गाड्यांना लागतात ना ती. हरित म्हणायचं त्याला.

चर्च नव्या जागी टेकलं आणि त्याच महिन्यात कंपनीने सांगितलं, अजून सुमारे ६ हजार लोकांना उठावं लागेल. म्हणजे रेषा पुन्हा सरकली. त्या बाईंचं घर आता आत आलं का, हे विचारायला फोन हातात घेते आणि ठेवून देते.