गोल्डफिश, एकवीस दिवस आणि गेटवर थांबलेला टेम्पो

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. भावकीच्या, गल्लीतल्या मंडळाच्या, शाळेच्या जुन्या वर्गाच्या आणि कामावरच्या. सार असं: मोबाइलमुळे माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशचं मात्र ९. कामातल्या सगळ्या चुकांचं मूळ मोबाइल. तेव्हा २१ दिवस फोन पूर्ण बंद ठेवा, मेंदूतलं डोपामिन हे रसायन 'रिसेट' होईल, सवय कायमची सुटेल. कामावरच्या ग्रुपात तो पावणेबाराला पडला, आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून वाचला.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघतो. मोबाइलची बाजू घ्यायची मला हौस नाही. पण उपायच चुकीचा असेल तर खोड जात नाही, उलट माणूस स्वतःलाच नालायक समजायला लागतो.

गोल्डफिशचं लवकर उरकू. हा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालामुळे जगभर पसरला. अहवालाने तो दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून उचलला होता. २०१७ मध्ये बीबीसीने माग काढला, तर मुळाशी संशोधनच सापडेना. माशाचं लक्ष सेकंदात मोजलं कुणी, हाही प्रश्नच. आमच्या शॉपमधला ऑपरेटर क्रँकशाफ्टवर मायक्रोमीटर लावून शतांश मिलिमीटर बघत तासन्‌तास उभा असतो. त्याला हे ८ सेकंद सांगून बघा.

खरं मोजमाप वेगळं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी लोक एका स्क्रीनवर सलग किती टिकतात ते मोजलं. २००४ साली सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडे ४७ सेकंदांच्या आसपास. ही घट काळजीचीच आहे. पण लक्षाची ताकद मेली असा याचा अर्थ नव्हे. माणूस उड्या जास्त मारतो, एवढंच यातून दिसतं.

मग सगळ्या चुका मोबाइलच्या का? माझीच एक सांगतो. कोल्हापूरच्या पार्टीचं बिल करत होतो. कोल्हापूर आम्हाला शंभरेक किलोमीटरवर, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, म्हणून तिथल्या बिलाला १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर, लागतो. मी लावला राज्यातल्या राज्यातला, सीजीएसटी ९, एसजीएसटी ९, जणू माल आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूरला चाललाय. सगळे म्हणाले, "मोबाइल बघालास व्हय?" फोन ड्रॉवरमध्ये होता. कराचं लेजर, म्हणजे खातं, निवडायच्या ऐन क्षणी मालकांनी काचेआडून दुसऱ्याच पार्टीची बाकी विचारली होती. ती सांगून परत वळलो आणि बोट सवयीच्या लेजरवर गेलं. मार्क यांच्याच निरीक्षणात निम्म्याच्या आसपास व्यत्यय माणूस स्वतःच ओढवून घेतो. पण उरलेले तर बाहेरूनच येतात ना? मेसेजात त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. आता कुणी हाक मारली की उठण्याआधी मी चिठ्ठीवर खरडतो: 'कोल्हापूर, लेजर राहिलं'. चार सेकंद जातात, चुकलेलं बिल निस्तरायची क्रेडिट नोट वाचते.

२१ दिवसांचा उगम तर गमतीदार आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला, २१ तेवढे राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बघितलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सगळं वाया जात नव्हतं. बाविसाव्या दिवशी हात परत फोनकडे गेला तर खचू नका, एवढं तरी मेसेजात लिहायचं.

डोपामिनबद्दल एकच. ते रिकामं करून परत भरायची टाकी नव्हे. हात हलवायलासुद्धा ते लागतं, कमी पडलं की काय होतं ते पार्किन्सनच्या रुग्णाला विचारा.

आता 'पूर्ण बंद'. हा प्रयोग मी केला, एकच दिवस. फोन अनगोळला घरी ठेवून गेलो. साडेदहाला माल भरलेला टेम्पो गेटवर, मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलासाठी लॉगिन करायचं, आणि ओटीपी घरी उशाशी वाजतोय. ड्रायव्हर अण्णा बिडी विझवून म्हणाला, "मग काय, मी चहा पिऊन येऊ?" दोनदा पिऊन आला.

अनुभव राहू द्या, अभ्यासही हेच सांगतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३७ जणांच्या फोनवरच्या सूचनांची (नोटिफिकेशनची) वेळ दोन आठवडे बदलून पाहिली. ज्यांना त्या दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाल्या, त्यांचं लक्ष टिकलं, ताण कमी झाला. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या, त्यांना तो फायदा फारसा झाला नाही, उलट काहीतरी चुकतंय ही धाकधूक वाढली.

माझ्या वेळा अकरा, दीड आणि साडेचार. ग्रुप सगळे मुके, फक्त डिस्पॅचचा चालू. फोनची रिंग चालू, आणि पार्ट्यांना सांगून ठेवलंय, घाईचं असेल तर मेसेज नको, फोन करा. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप मात्र बंदच करावं लागलं, खरा चोर तोच होता.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं. ते चालतं, कारण सगळे एकदम ठेवतात आणि वेळ ठरलेली असते. तेच धरून मी मालकांना सांगितलं, दहा ते साडेअकरा काचेआडून हाक नको. आधी हसले. आता पाळतात, जीएसटीचे रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखा सोडून. त्या दिवशी हाका मीच मारतो.