डिप्लोमावाल्यांची नाकं

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी तोच वाद: अकरावी-बारावी करायची, की डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर गाठायचं? इथे सॅन होजेच्या आसपासच्या मराठी घरांत त्याचाच चुलतभाऊ नांदतो. पोराला थेट युनिव्हर्सिटीत घालायचं, की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, करून तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्यायची?

पैशांचा हिशेब सोपा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरला लागणारी ६० युनिटं २,७६० डॉलरात होतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात वर्षाची नुसती फीच १५ हजारांच्या घरात, हॉस्टेल-जेवण धरलं की आकडा चाळीस हजारांच्या पुढे. कमी उत्पन्नाच्या घरांना तिथे फी माफ होते. आयटीतल्या दोन पगारांच्या घराला कोण माफ करणार? आणि पदवीवर शेवटी नाव युनिव्हर्सिटीचंच येतं.

तरीही मंडळाच्या गणपतीत ‘लेक डी अँझाला जाते’ (हे इथलंच एक कम्युनिटी कॉलेज) म्हणताना आई घाईघाईने ‘ट्रान्सफर घेणारे हं’ जोडते. नाकं मुरडणाऱ्या काकांतले काही स्वतः पॉलिटेक्निकमधून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेले असतात, हे विशेष.

खरा धोका इज्जतीचा नाहीच. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो, हे ‘असिस्ट’च्या साइटवर पहिल्या सत्रापासून जुळवत बसावं लागतं. गणिताची एक मालिका चुकली की दोनाची तीन वर्षं होतात. शिवाय प्रवेशाची लेखी हमी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या पदवी शिकवणाऱ्या नऊपैकी सहाच कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. बाकीच्यांतही मागणीच्या काही विषयांना ती लागू नसते. सतराव्या वर्षी काय शिकायचं हेच ठरलेलं नसेल, तर मी डोळे झाकून कम्युनिटी कॉलेज म्हणेन. विषय पक्का, प्रवेश हातात आणि पैशांची सोय असेल, तर कशाला थांबायचं?

हल्ली पुण्याहून नातेवाईक विचारतात, ‘आमच्या चिरंजिवांना पाठवू का? स्वस्त आहे म्हणे.’ ते ४६ डॉलर इथल्या रहिवाशांसाठी, दादा. स्टुडंट व्हिसावर येणाऱ्याला फी कितीतरी पट आहे, बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नाही आणि इथलं खोलीभाडं मी फोनवर सांगत नाही.