दाढेतली चांदी काढायला धावू नका, आधी हे वाचा

दोन दिवसांपासून नागपूरच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरून राहिला, की दाढेत भरलेल्या चांदीत पारा असतो, युरोपात त्यावर बंदी आली, म्हणून ताबडतोब काढून घ्या. महाल भागातली माझी मावशी तो वाचून आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून दाढा मोजत बसली होती, इतकी घाबरली बिचारी.

पारा असतो हे खरंय, जवळपास निम्मा. पण तो चांदी, कथील, तांब्यासोबत पक्का बांधला गेलेला असतो, जुन्या थर्मामीटरसारखा मोकळा नाही. चावताना अगदी थोडी वाफ निघते, आणि खरी गोष्ट अशी की चांगली फिलिंग ड्रिलने उकरली की ती वाफ तेवढ्यापुरती उलट वाढते, वर दाताचा चांगला भागही जातो.

युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून नवीन भरणं बंद केलं, तेही मुख्यतः पाऱ्याच्या प्रदूषणामुळे, जुन्या काढा असं कुठं म्हटलंय? अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारांच्या साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा मेंदूच्या आजाराचे पेशंट यांना शक्यतो नवीन नको असं सांगितलं, पण चांगली असलेली काढू नका हेही त्यातच आहे, आणि मेसेजमधून नेमकं तेच गाळलं.

तडा गेला, खाली कीड लागली, पाऱ्याची अ‍ॅलर्जी निघाली तर बदला, आणि काढताना रबर डॅम (दाताभोवती लावायचं पातळ रबराचं आवरण) लावता का हे डॉक्टरांना नक्की विचारा.