खड्ड्याकडे बोट दाखवणारे साहेब

आलं एकदाचं. पत्रपेटीतून फरशीवर आपटलं. गुळगुळीत कागद, एका बाजूने वेल्श, उलटा धरला की इंग्रजी. वेल्समधल्या आमच्या काउंटी कौन्सिलर साहेबांचा कार्यअहवाल. पहिल्याच पानावर साहेब: हिरवे गमबूट, चेहरा तेराव्याला आल्यासारखा, तर्जनी खड्ड्याकडे. शेजारी दुसरा फोटो: तेच साहेब, तेच गमबूट, आता अंगठा वर, आणि पायाशी काळाकुट्ट बुजवलेला खड्डा. खाली ठळक अक्षरांत, 'तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं!'

काय केलंत हो? कॅटल ग्रिडच्या, म्हणजे गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीच्या, वरचं ते वळण. पत्रक छापखान्यातून आमच्या दारात येईपर्यंत खड्डा पुन्हा होता तसा उघडा पडलाय. होता तसाही नाही, आधीपेक्षा मोठा. रस्त्यावर रंगवलेल्या 'स्लो'मधल्या 'ओ'च्या जागी आता तोच आहे.

उखडणार नाही तर काय होईल! पाऊस चालू असताना, आतलं पाणीसुद्धा न उपसता, वर कोल्ड मिक्सची, म्हणजे गरम न करता टाकायच्या डांबर-खडीची, गोणी ओतली. फावड्याच्या पाठीने चार थापट्या, व्हॅनचं चाक एकदा पुढे, एकदा मागे. झाली दुरुस्ती, काढा फोटो. कोल्ड मिक्स वाईट नसतं. रात्री कुणाचं चाक जाऊ नये म्हणून तात्पुरतं टाकायला ठीक आहे. पण ते मलम आहे, टाके नव्हेत. आणि मलम लावून कुणी 'ऑपरेशन यशस्वी' असं पत्रक वाटत नाही.

खड्डा बुजवायचा म्हणजे काय करायचं, एवढं जरी छापलं असतं तरी कागद कारणी लागला असता. आधी कटरने चौकोन कापायचा, फुटक्या भागाच्या बाहेरून, जिथे जुनं डांबर अजून घट्ट आहे तिथून. कडा उभ्या हव्यात. उतरत्या कडेवर नवा माल पापुद्र्याएवढा पातळ होतो आणि पहिला तिथूनच सुटतो. आतला चिखल, सुटी खडी काढून तळ साफ आणि कोरडा करायचा. मग तळाला आणि चारही कडांना टॅक कोट, म्हणजे बिटुमेन इमल्शन. ते लावताना तपकिरी दिसतं, काळं पडेपर्यंत थांबायचं. थांबायचं! घाई केली की चिकटायच्या थरातच पाणी अडकतं. मग गरम माल. खड्डा खोल असेल तर दोन थरांत, आणि प्रत्येक थर व्हायब्रेटिंग प्लेटने दाबायचा, फावड्याने नाही. सगळ्यात शेवटी सांध्यावरून गरम बिटुमेनची पट्टी, पाणी शिरू नये म्हणून.

गरम माल डोंगरापलीकडच्या प्लांटवरून येईपर्यंत निवतो, हे खरं. म्हणून तर माल गरम ठेवणारी हॉट बॉक्सवाली लॉरी असते. आणि रस्ता एकेरी रुंदीचा, त्यामुळे तो बंद करायला तात्पुरता वाहतूक आदेश लागतो, नोटीस लागते, वळसा ठरवावा लागतो, आणि इथला वळसा म्हणजे दोन दऱ्या ओलांडून येणं. हे सगळं मान्य. मग तसं लिहा ना! 'आदेश अमुक तारखेला निघेल, काम अमुक आठवड्यात, तोवर कोल्ड मिक्सवर भागवा.' दोन ओळी. त्यात फोटो बसत नाही, हीच अडचण असावी.

पण एवढं सगळं नीट केलं तरी तो खड्डा पुन्हा पडणार. कारण मुळात दुखणं खड्ड्याचं नाहीच, पाण्याचं आहे. रस्त्यावरचं पाणी शेतात किंवा ओढ्यात जावं म्हणून साईडपट्टीतून फूट-दीड फुटाचे आडवे चर काढलेले असतात, इथे त्यांना ग्रिप म्हणतात. पूर्वी रस्त्यावरचा माणूस फावडं घेऊन ते वर्षातून एक-दोनदा मोकळे करायचा. आता दुधाचा टँकर, खाद्याची लॉरी, लाकडाचा ट्रेलर समोरून आला की ट्रॅक्टर साईडपट्टीवर चढतो, चर चाकाखाली दाबला जातो आणि बुजतो. वर शरद ऋतूत झुडुपी कुंपणं ट्रॅक्टरच्या छाटणी यंत्राने, फ्लेलने, छाटली की सगळा चुरा गटारांच्या जाळ्यांवर. मोरीचं तोंड तुंबलेलं. मग पाण्याने जायचं कुठे? चाकाच्या रेषेतून सरळ उतारावर, भेगेतून आत. वरून टँकरचा आस दाबतो, आत कोंडलेलं पाणी बारीक माती पिचकारीसारखी बाहेर फेकतं, खालचा भराव पोकळ होतो. त्यात एक गोठणारी रात्र पडली की वरचं झाकण बसलंच. मोरीचा गाळ काढा, चार चर मोकळे करा, कुठल्या शेतकऱ्याच्या हद्दीतला नाला त्याने साफ करायचा आहे ते त्याला पत्राने कळवा. याचा खर्च पाहा आणि खड्डा पाच वेळा भरायचा खर्च पाहा. पण तुंबलेल्या मोरीकडे बोट दाखवून फोटो चांगला येत नाही. मोरी फोटोत दिसतच नाही, गवत दिसतं.

आणि वर चौकट: 'खड्डा दिसला? मला थेट मेसेज टाका!' अहो, हेच तर करू नका म्हणून लोकांना सांगायला हवं! हायवेज ॲक्ट १९८०. कलम ४१ प्रमाणे रस्ता राखणं हे महामार्ग प्राधिकरणाचं कर्तव्य, आणि कलम ५८ ही त्यांची ढाल: आमची तपासणीची वाजवी पद्धत होती, आम्हाला ठाऊक नव्हतं. गावाकडच्या बारक्या रस्त्यांची तपासणी मोटार घेऊन वर्षातून एखादी. म्हणजे मधले सगळे महिने 'ठाऊक नव्हतं'. ती ढाल कशाने फुटते? कौन्सिलच्या यंत्रणेतल्या तारीखवार नोंदीने. साहेबांच्या फोनवरून आलेला अंगठा त्या नोंदीत असेलच असं नाही. टायर फाटलं, रिम वाकली आणि भरपाई मागायला गेलात की विचारतील संदर्भ क्रमांक. तेव्हा काय दाखवाल, साहेबांचा स्मायली?

तक्रार कौन्सिलच्या फॉर्मवरच करा. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा क्रमांक, टाका, 'चॅपलच्या पुढे' लिहून भागत नाही, दर मैलाला एक चॅपल आहे. लांबी, रुंदी, खोली लिहा. पट्टी उभी धरून फोटो काढा, कारण बऱ्याच कौन्सिलांच्या नियमात ४० मिलिमीटर खोलीखाली गोष्ट 'नोंद घेतली' इथेच संपते. खड्डा चाकाच्या रेषेत आहे का, वळणावर आहे का, पाणी भरल्यावर दिसतो का, तेही लिहा. आणि क्रमांक जपून ठेवा.

(स्वयंपाकघरातली पट्टी घेऊन पावसात रस्त्यावर ओणवं होणाऱ्या माणसाबद्दल गावात काय बोललं जात असेल, याची कल्पना आहे. असो.)

पान दोन. 'ट्रंक रोडच्या दुरवस्थेबाबत मी वेल्श सरकारकडे विषय मांडला आहे.' मांडला! गेल्या पत्रकात उपस्थित केला होता. त्याआधी पाठपुरावा चालू होता. एवढ्या क्रियापदांत रस्ता धावून गेला असता. ए ४७०, ए ४८३, ए ४४ हे ट्रंक रोड, म्हणजे लांब पल्ल्याचे मुख्य रस्ते, वेल्श सरकारचे. आमच्या भागात ते ट्रंक रोड एजंट सांभाळतो, काउंटी कौन्सिल नव्हे. हे साहेबांना ठाऊक आहे, लोकांना नाही, आणि पत्रकाचा सगळा डोलारा त्या न ठाऊक असण्यावर उभा. आपल्या ताब्यातल्या रस्त्यावर पाच ओळी, दुसऱ्याच्या ताब्यातल्या रस्त्यावर अख्खं पान संताप. उंटावरून शेळ्या!

मग ताशी वीस मैलांची वेगमर्यादा. ते आल्याशिवाय कुठलं पत्रक पुरं होतंय. १७ सप्टेंबर २०२३ ला तीसचे वीस झाले, सेनेडच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या, याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या, साहेब तेव्हापासून 'जनतेच्या भावना पोहोचवतायत'. पण नियम वाचलाय का कुणी? वीसची मर्यादा आपोआप लागू होते ती 'रिस्ट्रिक्टेड रोड'ला, आणि तसा रस्ता ठरतो पथदिव्यांवरून: २०० यार्डांपेक्षा जास्त अंतर नसलेले दिवे. म्हणजे दिवे असलेल्या, पदपथ असलेल्या रस्त्याला वीस. आणि आमच्या वरच्या वाडीत, जिथे एक दिवा नाही, एक पदपथ नाही, पोरं स्कूलबसला कुंपणाला पाठ लावून उभी राहतात, तिथे? वेगळा आदेश काढलेला नसेल तर साठ. साठ! हे मांडा की सरकारकडे. नाही, हे मांडायचं नसतं. कारण वाहतूक आदेश काढायचा अधिकार स्वतःच्याच कौन्सिलकडे आहे.

'डिजिटल क्रांती गावागावांत' असा एक मथळा आहे. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन जानेवारी २०२७ पर्यंत कायमचा बंद होणार आणि पुढे फोन ब्रॉडबँडच्या राउटरमधून चालणार, याला साहेब क्रांती म्हणतात. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच यायची. राउटरला घरची लागते. घरची गेली की फोन गेला. ज्यांच्याकडे मोबाईलचा सिग्नल नाही, त्यांना कंपनीने बॅकअप द्यायचा, किमान किती? एक तास. ७ डिसेंबर २०२४ ला डॅराह वादळ आलं, उत्तर वेल्समधल्या कॅपेल क्युरिगला ताशी ९३ मैलांचा वारा, पश्चिम वेल्समध्ये कित्येक घरं दिवसच्या दिवस अंधारात. तिथे एक तासाचं काय लोणचं घालायचं? पत्रकात छापायला हवं होतं ते हे: कंपनीला स्वतःहून फोन करा, 'आमच्याकडे सिग्नल नाही' हे नोंदवून घ्या, बॅटरी मागा. घरात म्हातारं माणूस, ऑक्सिजन, गळ्यातलं अलार्मचं बटण असेल तर वीज कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव घाला. आणि ते बटण नव्या लाइनवर चालतं का, हे लाइन बदलायच्या आधी तपासा, नंतर नाही. वीज गेली की १०५, पण तो नंबर फिरवायलाही फोन चालू लागतो. त्याऐवजी साहेबांचा फायबरच्या गुंडाळीजवळचा फोटो. त्यातही बोट दाखवतायत.

बाजारातलं सार्वजनिक शौचालय बंद झालं, त्यावर लिहिलंय की कौन्सिलची 'शौचालय रणनीती' मंजूर झाली. हा मात्र विनोद साहेबांचा नाही, कायद्याचाच आहे. २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने वेल्समधल्या प्रत्येक कौन्सिलला शौचालयांची रणनीती लिहिणं सक्तीचं केलं. शौचालय ठेवणं सक्तीचं नाही. मासळी बाजारात मासळी नाही, बोर्डावर मासळीचा नकाशा.

हवाई रुग्णवाहिकेचं तर नावच काढलेलं नाही. वेल्शपूल आणि कार्नार्वनचे तळ बंद करून एकच नवा तळ करायचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये झाला, तेव्हा निषेधाचे फलक धरून पहिल्या रांगेत कोण होतं ते फोटो आहेत. आता मूग गिळून. आमची पॉविस काउंटी म्हणजे क्षेत्रफळाने वेल्सचा चौथा हिस्सा, आणि त्यात एकही जिल्हा रुग्णालय नाही. जायचं ते बाहेर: हेरफर्ड, श्रूजबरी, नाहीतर ॲबरिस्टविथ. अशा मुलखात तळाचा मुद्दा पत्रकातून गळतो आणि 'सुंदर फुलकुंड्या' स्पर्धेचा निकाल राहतो.

बरं, साहेबांनाच किती झोडायचं? मधल्या पानावर बारीक अक्षरांत आहे की आमच्या कम्युनिटी कौन्सिलच्या जागा रिकाम्या आहेत. ही खालची, ग्रामपंचायतीसारखी कौन्सिल. निवडणुकीला उमेदवार नाहीत, आता कोऑप्शनने, म्हणजे निवडणुकीशिवाय कौन्सिलनेच नेमून, भरायच्या. क्लार्कला एक पत्र लिहायचं, महिन्याला एक संध्याकाळ हॉलमधल्या थंड खुर्चीवर बसायचं, आणि मोऱ्यांची यादी काउंटीकडे पाठवायला लावायची. बैठकीला लोकांसाठी जागा ठेवलेली असते, ती कायम रिकामी. खड्ड्यांवर बोलणारे आपण सगळे त्या वेळी घरात शेगडीपुढे बसून खड्ड्यांवर बोलत असतो. पत्र लिहिणार आहे. या आठवड्यात. पाठपुरावा चालू आहे.

हां, आणि पत्रकाचा शेवट. क्यूआर कोड. 'स्कॅन करा आणि आपलं मत कळवा.' दरीत सिग्नलची एक काडी नाही. मिळतो तो फक्त वर, कॅटल ग्रिडच्या पुढच्या वळणावर, आणि तिथेही नेमकं त्या खड्ड्यात उभं राहिलं तरच.