‘अनुभवविश्व तोकडं आहे’ म्हणणाऱ्यांना

आज सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांबेल, आधीच सांगते.

माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. कथा लिहिते. एका स्पर्धेला तिने काही कथा पाठवल्या होत्या, त्यावरचा परीक्षकांचा अभिप्राय आज आला आणि तिने तो मला फॉरवर्ड केला. सोबत फक्त एक हसणारा इमोजी. अभिप्राय असा : ‘भाषा स्वच्छ. निरीक्षण चांगले. मात्र अनुभवविश्व तोकडे. लेखिकेने घराबाहेर पडून जीवनाला भिडावे.’

जीवनाला भिडावे! अहो, ही मुलगी कैक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजीला सांभाळतेय. कूस बदलायची, पाठ पुसायची, जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावायची, म्हातारीच्या शिव्या खायच्या आणि अर्ध्या तासाने त्याच म्हातारीने प्रेमाने गाल कुरवाळला की तेही सोसायचं. नोकरी त्यापायी गेली. तिच्या एका कथेत बाई मध्यरात्री दचकून उठते, ती आवाजाने नाही. आवाज थांबला म्हणून. शेजारच्या खाटेवरचं घोरणं थांबलं की आपली झोप मोडते, हे सुचायला घराबाहेर पडावं लागत नाही, उलट घरातच अडकावं लागतं. परीक्षकांना ते ‘चांगले निरीक्षण’ वाटलं. म्हणजे जगलेलं कागदावर आलं की ते निरीक्षण, आणि अनुभव म्हणजे काय, तर कुठेतरी लांब जाऊन करून आणायची गोष्ट.

आपल्याकडे हे फार बोकाळलंय. लेखकाने तुरुंगात जावं, फोटोग्राफरने युद्धावर जावं, निदान पाठीवर पिशवी टाकून भटकावं तरी. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीला गोळ्या घालायला उभं केलं होतं, मग शिक्षा बदलून सैबेरियात पाठवलं, म्हणून तो मोठा, असा सोपा हिशेब. त्याच्यासोबत त्या मैदानात आणखीही लोक उभे होते. ते सगळे काही कादंबरीकार झाले नाहीत.

मला इथे माझ्या मामाबद्दल बोलायचंय.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. पोटापाण्याचा धंदा ओळखपत्राच्या फोटोंचा. हनुवटी वर, कान दिसू द्या, हलू नका. पण त्याचं खरं कसब निगेटिव्ह रिटच करण्यात. तिरक्या लाकडी डेस्कवर काचेमागून उजेड यायचा, त्यावर निगेटिव्ह, आणि मामा भिंग लावून वाकलेला. पेन्सिलीचं शिसं इतकं लांब आणि निमुळतं केलेलं की सुईच. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक दिसते, तिथे शिशाचे बारीक ठिपके भरत गेलं की प्रिंटमध्ये ती नाहीशी होते. माणूस दहा वर्षांनी लहान. आयुष्यभर मामाने हेच केलं, लोकांच्या सुरकुत्या बुजवल्या.

आणि त्याने स्वतःसाठी काढलेले फोटो बघा. एका बाजूने येणारा उजेड, त्यात चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ खणून काढल्यासारखी. तिथे एका फोटोवर पेन्सिल लागलेली नाही. मी लहानपणी बाजूला बसायचे तेव्हा तो निगेटिव्ह दाखवून सांगायचा, ‘हा बघ, चष्मा आत्ताच काढून बसलाय. आणि ही बाई, सकाळी रडून आलीय.’ नाकावरचा दाब, पापणीखालची सूज. मला काहीच दिसायचं नाही. त्याला दिसायचं, कारण तेच बुजवण्याचे त्याला पैसे मिळायचे.

आता सांगा, ह्या माणसाचं अनुभवविश्व किती मोठं होतं? एक खोली, एक स्टूल, एक पडदा.

मुद्दा तुमच्या लक्षात आलाच असेल, तुम्ही माझे मित्र आहात. अनुभव माणसाला विषय देतो हा निव्वळ गैरसमज आहे. विषय कुठेही पडलेले असतात. अनुभव तुम्हाला जागा देतो. कुठे उभं राहायचं, किती जवळ जायचं, किती वेळ थांबायचं आणि कशाकडे बघवत नाही, हे सगळं त्यातून ठरतं. म्हणून एकाच रस्त्यावर दोन फोटोग्राफर सोडले तर दोघे दोन वेगळे रस्ते घेऊन घरी येतात.

योसेफ सुदेक नावाचा प्रागचा फोटोग्राफर होता. मुळात बुकबाइंडर. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, बाइंडिंगचा धंदा बंद झाला आणि तो कॅमेऱ्याकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं कठीण, तर ह्याने १९४० पासून आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले. तीच एक खिडकी, चौदा वर्षं. काचेवरचं धुकं, ओघळ, पलीकडे एक वाकडं झाड, कधी कट्ट्यावर पाण्याचा ग्लास. बस. त्याला कुणी ‘घराबाहेर पडून जीवनाला भिडा’ म्हणायला हवं होतं! युद्धात हात घालवून आलेल्या माणसाला!

आणि गंमत म्हणजे त्या फोटोंत युद्ध कुठेच नाही. तो तुटलेला हात त्यातल्या संथपणात आहे. मोठा लाकडी कॅमेरा एका हाताने लावायचा तर घाई करताच येत नाही.

अमेरिकन फोटोग्राफर यूजीन स्मिथचं तसंच. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत तोफगोळ्याचे तुकडे लागून चेहरा आणि हात फाटले. ऑपरेशनांवर ऑपरेशनं. पुन्हा कॅमेरा धरता येईल की नाही ह्याची खात्री नाही. १९४६ मध्ये, बरा होता होता, त्याने जो पहिला फोटो काढला त्यात त्याची दोन लहान मुलं झाडांच्या अंधारातून उजेडात चालत जाताना दिसतात, पाठमोरी. नुसता फोटो बघणारा म्हणेल, गोड आहे, कॅलेंडरवर छान दिसेल. (छापलाही असेल कुणीतरी.) पण तो कुणी, कुठल्या दिवसांत, कशा हाताने काढला ते कळल्यावर त्या काळ्या झाडांकडे परत बघा.

हे कळायला चरित्र वाचावं लागतं, कलाकृती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, वगैरे वगैरे. मान्य. पुढे चला.

मामाकडे परत येते, कारण मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं, परीक्षक मध्येच घुसले.

मामीला अर्धांगवायू झाला तेव्हा मामाने स्टुडिओ दुपारीच बंद करायला सुरुवात केली. मामीच्या खाटेजवळ एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसून राहायचा. कॅमेरा गळ्यात, सवयीने. त्या काळातले त्याचे सगळे फोटो त्या स्टुलाच्या उंचीवरून आहेत. खिडकीचा फक्त खालचा अर्धा भाग. दाराची कडी, खालून बघितलेली. आणि भेटायला आलेली माणसं, कमरेपासून छातीपर्यंत. चेहरे नाहीतच. हात आहेत. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस हातांचं काय करतो, कधी बघितलंय? पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरतो. किल्ल्या चाळवतो. रुमालाची घडी मोडतो आणि परत घालतो. एका फोटोत तीन माणसं शेजारी उभी आहेत, सहा हात, आणि एकही हात मोकळा नाही.

हे फोटो त्याने एका फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनाला दिले. परत आले. मागे शेरा : ‘फ्रेमिंग सदोष. चेहरे कापले गेले आहेत.’

ज्या माणसाने हजारो चेहरे बरोबर मध्यभागी बसवले, त्याला हे सांगितलं. मामा काही बोलला नाही, त्याचा स्वभावच तसा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या अंगाची लाही झाली होती. आज ती परत झाली. म्हणून ही पोस्ट.

त्या मुलीच्या कथांबद्दलही हेच. वाक्यं छोटी आहेत, प्रसंग दीड-दोन पानांत संपतात, मध्येच तुटतात. शैलीचे प्रयोग नाहीत हे. आतून आजीची हाक आली की उठावं लागतं. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरने हे स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्या लेखनावर सगळ्यात मोठा प्रभाव कुणाचा, तर कुठल्याही लेखकाचा नाही, दोन मुलांचा. तरुणपणी लॉन्ड्रीत कपडे घेऊन मशीन रिकामं होण्याची वाट बघत उभं राहायचं, मुलांना आणायला जायची वेळ टळतेय, अशात कादंबरी कुठून लिहिणार? एका बैठकीत संपेल असंच लिहायचं. पुढे समीक्षकांनी त्याच्या त्या आटोपशीरपणाला मोठमोठी नावं दिली. द्या बापडे.

आपल्याकडचं बघायचं तर बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत, घर, जातं. कविता ओठांवर यायच्या, घरच्यांनी उतरवून घेतल्या, आणि बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. हाताला काम असताना जी लय सापडते ती त्या ओव्यांत आहे, टेबलाशी बसून ती येणार नाही. आज त्यांनी नाव न सांगता स्पर्धेला पाठवल्या असत्या तर ‘विषय घर-शेतापुरते मर्यादित’ असं कुणीतरी नक्की लिहिलं असतं. नारायण सुर्व्यांचं नाव मात्र हे लोक येताजाता घेतात. रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगाराने वाढवलं, स्वतः गिरणीत राबले. ते दुःख लांबून दिसतं ना! ठळक आहे. आजीची कूस बदलणं लांबून दिसत नाही.

बरं, उलटही आहे, तेही टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी टाकेलच. अमेरिकन यादवी युद्धावर गाजलेली कादंबरी लिहिणारा स्टीफन क्रेन युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला. १८९५ मध्ये कादंबरी आली तेव्हा त्याने एकही लढाई बघितलेली नव्हती. ठीक आहे. असतात असे. आणि आयुष्यभर वादळं झेलून अतिशय रटाळ आत्मचरित्र लिहिणारेही ढिगाने असतात, माझ्या कपाटात दोन-चार आहेत, भेट म्हणून आलेली. भोगलं म्हणजे लिहिता येतंच असं मी म्हणतच नाहीये. परीक्षकांसमोर शंभर हस्तलिखितं असतात, तेही कळतं मला.

पण मग ‘जीवनाला भिडा’ हा सल्ला देऊ नका. ह्या सल्ल्यातून काय तयार होतं माहीत आहे? दुसऱ्याच्या दुःखाकडे सहल काढणारी जमात. सकाळी जायचं, वस्तीतल्या म्हातारीचा चेहरा जवळून टिपायचा, संध्याकाळी काळापांढरा करून टाकायचा, खाली ‘जगण्याची लढाई’. म्हातारीचं नाव विचारलेलं नसतं.

हे नाव न विचारणं मोठमोठ्यांकडूनही झालंय. डोरोथिया लँगचा तो मजूर आईचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, मार्च १९३६, कॅलिफोर्नियातली वाटाणा तोडणाऱ्यांची छावणी. लँगला सातव्या वर्षी पोलिओ झाला, ती जन्मभर लंगडत चालली. त्या आजाराने मला घडवलं, शिकवलं आणि अपमानितही केलं, असं ती स्वतः म्हणायची. लंगडत येणाऱ्या बाईला लोक जवळ येऊ देतात. त्याआधी कित्येक वर्षं तिने श्रीमंतांचे पोर्ट्रेट काढायचा स्टुडिओ चालवला होता, चेहरा सैल पडेपर्यंत थांबायचं कसं हे तिला तिथे कळलं असणार. (मामाच्या जातीची!) मला लँग फार आवडते. तरी त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं १९७८ मध्ये. ती तेव्हा म्हणाली की त्या फोटोचा तिला एक पैसाही मिळाला नाही, आणि तो काढू दिला नसता तर बरं झालं असतं. फोटो ज्या जगण्यावर उभा आहे ते तिचं होतं. अनुभवविश्व म्हणायचंच असेल तर ते तिचं होतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मुलीला मघाशी फोन केला. ती म्हणाली, ‘ताई, जाऊ दे गं, तू कशाला एवढी तापतेस, मला तर हसू आलं.’ मग मागून हाक आली, फोन ठेवला तिने. मी तिला सांगणार होते की पुढच्या वेळी कथा दुसरीकडे पाठव, ते राहिलंच. कथा छापणारं चांगलं मासिक किंवा दिवाळी अंक चालवणारं कुणी इथे असेल तर मला इनबॉक्स करा, तिला विचारून पाठवते.

आणि एक काम आहे. मामाचे ते स्टुलावरून काढलेले फोटो मामेभावाकडे सापडलेत. प्रिंट थोडेच आहेत, निगेटिव्ह बऱ्याच, पण दमटपणाने एकमेकींना चिकटल्यात. तो ओढून सोडवायला निघाला होता, मी थांबवलंय. ह्यातलं खरोखर कळणारं कुणी असेल तर सांगा. ‘गरम पाण्यात टाका’ असं सांगणारे नकोत.