सेंट लुसियाची केळी एकट्या अमेरिकेने बुडवली नाहीत

कॅरिबियन केळीचा विषय निघाला की आपले डावे मित्र चिकिता (लॅटिन अमेरिकेतली केळी विकणारी अमेरिकन कंपनी) आणि जागतिक व्यापार संघटनेवर तुटून पडतात. पडावंच. १९९६ साली अमेरिकेने चार लॅटिन अमेरिकी देशांना सोबत घेऊन युरोपविरुद्ध तक्रार केली, १९९७ मध्ये जिंकली आणि १९९९ मध्ये युरोपच्या सुमारे १९ कोटी डॉलरच्या मालावर शंभर टक्के कर बसवला. कशासाठी? तर सेंट लुसिया ज्यात येतं त्या कॅरिबियनमधल्या विंडवर्ड बेटांच्या केळीला ब्रिटनमध्ये मिळणारी सवलत मोडायला. स्वतःच्या देशात केळी जवळपास पिकत नसताना!

पण सेंट लुसियाचे शेतकरी त्याआधीच रस्त्यावर उतरले होते, आणि तेही स्वतःच्याच केळी उत्पादक संघाविरुद्ध. हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

तिथे डोंगरउतारावर एकर-दोन एकरांच्या बागा. आठवड्याला येणारं जहाज तेव्हा गीस्ट या एकाच ब्रिटिश कंपनीचं. घड उतरवला की माल थांबत नाही, मग एकटा शेतकरी भावाची बोलणी काय करणार? म्हणून संघ हवाच होता. पुढे १९६७ मध्ये तो सरकारी कायद्याखाली गेला आणि निर्यात फक्त त्याच्यामार्फत सुरू झाली. खत त्याचं, फवारणी त्याची, कपातही त्याचीच. भाव पडला तरी संघाचा खर्च तसाच, कमी व्हायचे ते शेतकऱ्याच्या हातात येणारे पैसे. त्यात संचालक मंडळावर सरकारचा वरचष्मा.

१९९३ च्या जुलैत केळीसाठी युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि भाव कोसळला. ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी संप केला. पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मेले. १९९७ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना १७ पैकी एक जागा मिळाली. केळीवाल्यांचा राग त्यात मोठा होता.

१९९८ मध्ये संघाचं कर्ज सरकारने डोक्यावर घेतलं आणि खाजगीकरण केलं. मग एकाच्या जागी एकमेकींशी भांडणाऱ्या कंपन्या आल्या. माझ्या मते हे औषध रोगापेक्षा वाईट. गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटनची मोजकी सुपरमार्केटं, आणि चिमुकल्या बेटावर विकणारे वेगवेगळे! पाडून भाव मागायला आणखी काय लागतं?

थोडंफार तगलं ते फेअरट्रेडमुळे, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव आणि वर थोडी जादा रक्कम (प्रीमियम) देणाऱ्या व्यवस्थेमुळे. १९८२ पासून काम करणाऱ्या विन्फा या शेतकरी संघटनेने गावोगावी गट बांधले. या प्रीमियमचे पैसे कशावर खर्चायचे, हे गटाची बैठक ठरवायची. २००७ मध्ये सेन्सबरीज या ब्रिटिश सुपरमार्केटने फक्त फेअरट्रेड केळी विकायला सुरुवात केली. पण २००९ च्या जिनिव्हा कराराने लॅटिन अमेरिकी केळीवरचा कर टनाला १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ वर आणायचं ठरलं, आणि २०१० च्या टोमास वादळाने बागा झोपवल्या. त्यापुढे गट तरी काय करणार?

आता जळगावातल्या रावेर-यावलकडचे केळीवाले मित्र म्हणतील, संघ म्हणजे राजकारण, त्यापेक्षा व्यापारी बरा. अरे, पण बाजार समितीच्या बोर्डावर एक भाव आणि बांधावर दुसरा, ही तुमचीच तक्रार ना? संघ हवाच, फक्त कपातीची प्रत्येक ओळ सभासदाला विचारता आली पाहिजे. तुमच्या शेतकरी कंपनीच्या वार्षिक सभेत ती शेवटची कधी कोणी विचारली होती? कॉमेंटमध्ये लिहा. नावं नकोत.