वझिरीस्तानातून फौज काढली ते चुकलं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार साहेब,

तुमची कमेंट वाचली. चिडून लिहिलीय, पण मुद्दे धरून लिहिलीय, त्यामुळे दोन ओळींत वाटेला लावणं बरोबर दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं की डिसेंबर 1947 मध्ये नव्या पाकिस्तानने वझिरीस्तानातून (अफगाण सीमेला लागून असलेला पठाण टोळ्यांचा डोंगरी मुलूख) रेग्युलर सैन्य काढून घेतलं तो निर्णय योग्यच होता. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी जिनांच्या आरत्या ओवाळतोय, ती माघार म्हणजे टोळ्यांना काश्मीरवर सोडण्यासाठी केलेली सौदेबाजी होती, फौज निघाल्यामुळे जी पोकळी झाली तिच्यातूनच पुढे तालिबान उगवलं, आणि शेवटी मला टोला की "मग नेहरूंनी पण नागा टेकड्यांतून सैन्य काढायला हवं होतं का, तेही लिहा".

लिहितो की. पण आधी जिनांचं बघू, कारण तिथेच सगळ्यात मोठा घोळ आहे.

ही माघार जिनांच्या डोक्यातून निघाली असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि निघालीही नव्हती. सरहद्दीवर हा खेळ आधी एकदा होऊन गेला होता. कर्झन व्हाइसरॉय असताना त्याने रेग्युलर पलटणी टोळ्यांच्या मुलखातून मागे घेतल्या, त्यांच्या जागी स्थानिक मिलिशिया उभ्या केल्या आणि 1901 मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा काढला. ती व्यवस्था 1919 पर्यंत कशीबशी चालली. तिसरं अफगाण युद्ध पेटलं तशी वाना भागातली मिलिशिया फुटली, माणसं बंदुकांसकट पळाली, आणि इंग्रजांनी ठरवलं की आता आत जाऊनच बसायचं. 1919-20 ची मोहीम त्यातलीच. (त्या मोहिमेत आपली 103 वी मराठा लाइट इन्फन्ट्री पण होती हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. सह्याद्रीतली पोरं तिथल्या महसूद टोळीच्या डोंगरात थंडीत कुडकुडत लढत होती.) मग 1920 नंतरच्या दोन-तीन वर्षांत रझमकची छावणी उभी राहिली, रस्ते काढले गेले, आणि पुढची पंचवीस वर्षं ब्रिटिश हिंदुस्थानचं सैन्य तिथे ठाण मांडून बसलं. 1944-45 मध्ये जनरल टकरच्या कमिटीने स्पष्ट शिफारस केली की हे परवडत नाही, रेग्युलर सैन्य काढा आणि स्काउट्सवर (पठाणांची निमलष्करी दलं) भागवा. म्हणजे पाकिस्तान जन्माला यायच्या आधीच कागद तयार होता, अन 1947 च्या माघारीला नाव पण 'ऑपरेशन कर्झन' असंच दिलं होतं. जिनांचं श्रेय इतकंच की त्यांनी तो कागद फाइलीत कुजू दिला नाही.

आता मी निर्णय बरोबर का म्हणतो ते. रझमक म्हणजे काय प्रकार होता ते डोळ्यासमोर आणा. साडेसहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर तारेच्या कुंपणात बसवलेलं एक गावच, सोल्जर लोक त्याला 'लिटल लंडन' म्हणायचे, आत बाजार, मैदानं, सगळं काही, फक्त बायकांना बंदी. एक अख्खी ब्रिगेड आत, आणि त्या ब्रिगेडचा मोठा वेळ कशात जायचा तर स्वतःलाच रेशन पोचवण्यात. रस्ता रोज खुला नसायचाच, ठराविक दिवशी 'रोड ओपन'. त्या दिवशी पहाटे पलटण बाहेर पडणार, रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या एकेका टेकडीवर धापा टाकत चढून दगडांच्या आडोशामागे बसणार, मग खालून लॉऱ्यांचा तांडा जाणार. तांडा गेला की खरी परीक्षा. चढताना फारसं काही होत नाही, उतरताना होतं. खालून निशाण हललं की टेकडी सोडून सगळ्यांनी एकदम खाली पळायचं, आणि मागच्या उताराला दबा धरून बसलेला महसूद नेमकी त्याच क्षणाची वाट बघत असतो, कारण टेकडीचा माथा रिकामा झाला की तो माथ्यावर आणि तुमच्या पाठी त्याच्यासमोर. त्यात कोणी पडला तर त्याला आणि त्याच्या रायफलीला मागे टाकून यायचं नाही, मग परत वर जायचं. रायफल त्या मुलखात सोन्याच्या भावाची. एक रेशनचा तांडा नेण्यासाठी हा उद्योग, वर्षानुवर्षं. 1936 नंतर इपीच्या फकिराने (वझिरीस्तानातला एक धर्मगुरू) उठाव केला तेव्हा तर 1937 मध्ये चाळीसेक हजार सैन्य वझिरीस्तानात गुंतलं होतं, विमानं होती, तोफा होत्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहूर तंगीच्या खिंडीत तांड्यावर हल्ला व्हायचा तो झालाच. फकीर काय सापडला नाही. इंग्रज गेले, पाकिस्तान आलं, त्यालाही त्याने मानलं नाही, आणि 1960 मध्ये तो आपल्या मौतीने मेला.

साम्राज्याला जे झेपत नव्हतं ते ऑगस्ट 1947 मधल्या पाकिस्तानला कुठून झेपणार होतं सांगा. त्यांच्या वाट्याला सैन्याचा साधारण एक तृतीयांश हिस्सा आला. जुन्या पलटणी मिश्र होत्या, त्यातल्या हिंदू, शीख कंपन्या भारतात जायच्या होत्या, गुरखा पलटणी तर अख्ख्याच जायच्या होत्या, म्हणजे सरहद्दीवरची ठाणी अर्धी तशीही ओस पडणार होती. वरून पंजाब पेटलेला. अशा वेळी सैन्य तिथे ठेवणं म्हणजे शौर्य, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटो.

काश्मीरबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात तथ्य आहे, पण क्रम उलटा लागलाय. टोळ्यांचा लष्कर (तिकडे 'लष्कर' म्हणजे टोळ्यांची जमवलेली फौज, सरकारी नव्हे) काश्मीरमध्ये घुसला 22 ऑक्टोबरला, 27 ला भारतीय सैन्य श्रीनगरला उतरलं, आणि रझमक-वाना रिकामं झालं डिसेंबरात. टोळ्यांना मोकळं सोडायला फौज काढावी लागली असती तर आधी फौज निघाली असती ना? फौज छावणीत असतानाच महसूद ट्रकात बसून गेले, त्यांना अडवलं कुणी नाही हा भाग वेगळा, आणि तो गंभीरच आहे. एवढं मात्र मान्य की काश्मीरमुळे टोळ्यांना खूष ठेवणं ही पाकिस्तानची गरज झाली होती, त्यामुळे घाई झाली आणि भाषा गोड झाली. एप्रिल 1948 मध्ये पेशावरच्या जिरग्यात (टोळ्यांच्या पंचसभेत) जिनांनी जाहीरच सांगितलं की तुमची निष्ठा बघून आम्ही वझिरीस्तानातून सैन्य काढलं, हे आमच्या विश्वासाचं प्रतीक समजा, तुमच्या अंतर्गत स्वातंत्र्यात आम्हाला ढवळाढवळ करायची नाही वगैरे. टकर कमिटीचं नाव अर्थातच कुणी काढलं नाही. राजकारणी माणूस आहे, नाइलाजाला औदार्य म्हणून खपवणारच, यात मला तरी काही विशेष वाटत नाही.

विश्वासाचं म्हणाल तर पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांची पहिली कामगिरी कुठली? हीच. माघारीवर छत्र धरायला मीरानशाहून उडायची. आणि जून 1949 मध्ये इपीच्या फकिराच्या मागे लागलेल्या विमानांनी अफगाण हद्दीतल्या मुघलगईवर बॉम्ब टाकले, त्यावरून काबूलमध्ये लोया जिरगा (देशभरची महासभा) बसली आणि त्यांनी ड्युरंड रेषेचा (दोन देशांमधल्या सीमेचा) करारच आम्हाला मान्य नाही असं जाहीर करून टाकलं. विश्वास होता, पण वरून नजर ठेवून होता.

आता तालिबान. इथे माझा आणि तुमचा खरा मतभेद आहे, बाकीचं सगळं तपशिलाचं भांडण.

तुम्ही म्हणता फौज निघाली आणि पोकळी झाली. साहेब, पोकळी झालीच नव्हती. फौज गेली पण तोची स्काउट्स राहिले, साउथ वझिरीस्तान स्काउट्स राहिले, स्वतःची बंदूक घेऊन पगारावर येणारे खासादार राहिले, मलिकांचे (टोळीप्रमुखांचे) भत्ते राहिले, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पोलिटिकल एजंट (त्या मुलखातला सरकारचा अधिकारी) राहिला. खरंतर 15 ऑगस्टला इंग्रजांचे टोळ्यांशी असलेले करार कायद्याने संपलेच होते, इंडिपेंडन्स अ‍ॅक्टमध्ये तसं लिहिलंय. म्हणजे पाटी कोरी होती. नव्या राज्याला नवीन काहीतरी मांडता आलं असतं. त्याऐवजी गव्हर्नर कनिंगहॅम नोव्हेंबरात एकेका टोळीच्या जिरग्याला भेटला आणि जुन्याच अटींवर, जुन्याच भत्त्यांवर सही-शिक्का झाला. कनिंगहॅम म्हणजे कोण, तर इंग्रजांच्याच काळात नऊ वर्षं त्याच खुर्चीत बसलेला माणूस, त्याला जिनांनी खास परत बोलावला होता.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एफसीआर राहिला. फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन, 1901 चा. तिकडचे लोक त्याचं वर्णन तीन शब्दांत करतात: ना वकील, ना दलील, ना अपील. पोलिटिकल एजंटच पोलीस, तोच कलेक्टर, तोच न्यायाधीश, जिरग्यात कोण बसणार ते पण तोच ठरवणार. कलम 40 खाली 'चांगल्या वर्तणुकीच्या' नावाने तीन वर्षं आत टाकू शकतो. कलम 21 तर अजबच: टोळीतल्या एकाने गुन्हा केला तर टोळीतल्या कुणालाही पकडा, कुणाचाही माल जप्त करा. म्हणजे समजा एक महसूद ड्रायव्हर आपला ट्रक घेऊन टांक किंवा डेरा इस्माईल खानला आलाय, त्याला तिथे उतरवून ट्रक ताब्यात घेतला, का, तर वर कुठेतरी डोंगरात दुसऱ्या कुणा महसूदाने टेलिफोनची तार तोडली. ड्रायव्हरने त्याला जन्मात पाहिलेला नाही. आता टोळीने त्या माणसाला हजर करावं किंवा दंड भरावा, तोवर ट्रक सडतोय. हायकोर्टात जावं म्हटलं तर 1973 च्या घटनेच्या कलम 247 ने हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट दोघांनाही तिथे दार बंद करून ठेवलेलं. मतदान? सर्वसामान्य माणसाने पहिल्यांदा मत दिलं ते 1997 च्या निवडणुकीत, त्याआधी फक्त मलिकांना मत होतं. राजकीय पक्षांना तिथे कायदेशीर काम करायला 2011 उजाडावं लागलं. पण मशिदीला आणि मौलवीला कधीच बंदी नव्हती, हे लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यात आहे.

1979 ला रशियन अफगाणिस्तानात आले आणि मीरानशाह हे मुजाहिदांचं पिछाडीचं ठाणं झालं. पैसा आला, शस्त्रं आली, मुजाहिदांचा कमांडर जलालुद्दीन हक्कानी याचा मदरसा तिथेच मीरानशाहजवळ. हे सगळं सरकारच्या नाकाखाली नाही, सरकारच्या हाताने झालं. मग 2001 नंतर अफगाणिस्तानातून पळालेले तालिबान आणि अल-कायदाचे लोक तिथे आले तेव्हा त्यांना विरोध करायला काय होतं? पक्ष नाही, कोर्ट नाही, निवडून आलेली पंचायत नाही, फक्त भत्तेखाऊ मलिक, आणि 2004 नंतर ते मलिक एकेक करून मारले गेले. 1947 ते 1979 बत्तीस वर्षं रेग्युलर सैन्य कायम ठाण मांडून नव्हतं, तेव्हा कुठे होतं तालिबान? चकमकी झाल्या, 1976 मध्ये तर सरकारने वानाचा बाजार उद्ध्वस्त केला, पण असलं काही नव्हतं. फौज नव्हती म्हणून हे झालं असेल तर 2002 पासून फौज परत आहे, 2004 ची कलोशाची कारवाई, मग अतिरेक्यांशी करार, मग 2009 ची मोहीम, मग 2014 ची झर्ब-ए-अझ्ब मोहीम, त्यात उत्तर वझिरीस्तानातून दहा लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून निघाली. फौज आली म्हणून मिटलं का?

फौज काढली ते बरोबर, तिच्या मागोमाग नागरिकत्व पाठवलं नाही ते चूक. मागच्या पोस्टमध्ये मी हेच मांडत होतो, तुम्ही पहिलं अर्ध वाचून कमेंटला बसलात असं मला वाटतं, राग नसावा.

नागा टेकड्यांचं. तिथे उलटं झालं. सैन्य गेलं आणि राहिलं, 1958 चा अफ्स्पा (सैन्याला खास अधिकार देणारा कायदा) आला, त्याखाली जे झालं त्याची बाजू मी तरी घेणार नाही. पण त्याचबरोबर 1963 मध्ये राज्य मिळालं, विधानसभा आली, प्रत्येकाला मत, आणि गुवाहाटी हायकोर्टात सैन्याविरुद्ध केस टाकायची सोय. केस जिंकता येत होती का हा प्रश्न वेगळा, टाकता येत होती. महसूदाला हे कोर्टाचं दार 2018 पर्यंत उघडं नव्हतं. तेव्हा नेहरूंनी सैन्य काढायला हवं होतं का, तर हो, बऱ्याच आधी काढायला हवं होतं असं माझं मत. आता नेहरूभक्त पण माझ्यावर तुटून पडतील, पडोत. (जाता जाता, ऑक्टोबर 1946 मध्ये नेहरू स्वतः रझमक, वाना, मीरानशाहला गेले होते, बादशाह खान बरोबर होते. वझिरांनी जिरग्यात तोंडावर सुनावलं आणि मलाकंडला गाडीवर दगड पडले. त्यामुळे टोळ्या आपल्या बाजूने वळल्या असत्या वगैरे जे काहींनी खाली लिहिलंय त्यांनी हे पण वाचावं.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आज तिथे काय. मे 2018 मध्ये 25 वी घटनादुरुस्ती झाली, फाटा (केंद्राच्या ताब्यातला टोळ्यांचा प्रदेश) संपलं, हे सगळे जिल्हे खैबर पख्तुनख्वात गेले, जुलै 2019 मध्ये पहिल्यांदा प्रांतिक विधानसभेसाठी मतदान झालं, खासादार पोलिसात घेतले. रझमकच्या जुन्या छावणीत 1978 पासून कॅडेट कॉलेज आहे. सैन्य अजून आहे. चौक्या कमी करा, सुरुंग काढा, गायब केलेली माणसं कोर्टापुढे आणा, एवढ्याच मागण्या घेऊन 2018 मध्ये पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट उभी राहिली, त्यात पुढे होते ते बहुतेक याच वझिरीस्तानातले शिकलेले तरुण, बंदूक न घेता, संविधानाचं नाव घेऊन. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने दहशतवादविरोधी कायद्याखाली त्या संघटनेवर बंदी घातली.

यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा, फक्त या खेपेला पोस्ट शेवटपर्यंत वाचून.